दोरीवरची चार बोटं

रुद्राणी दुपारी दोनला झोपते आणि साडेतीनला उठते. तेवढाच वेळ माझा. त्यातच धुणं वाळत घालायचं, नळाला पाणी यायचा दिवस असला तर पिंपं भरायची, सासूबाईंच्या चहाचं आधण ठेवायचं. यातून जे उरेल त्यात मी माझ्या अव्वाचा गाल दुरुस्त करत होते.

आम्ही आईला अव्वा म्हणतो. काशम्मा तिचं नाव. रुद्राणी पोटात होती, मला सातवा लागला होता, तेव्हा ती गेली. मागं एकच फोटो राहिला, गावच्या जत्रेत काढलेला. हातात कापडी पिशवीचा बंद घट्ट धरलेला, मनगटात हिरवी बांगडी, उन्हामुळं डोळे बारीक. आणि अर्ध्या गालावर बुरशी, कारण ट्रंकेला ओल लागली होती.

बाळंतपणात फोन चाळता चाळता मला 'चिकटवही सख्या' हा ग्रुप सापडला. फोनवरच जुने फोटो नीट करायचे, फोनवरचेच कागद, लेस, सुकलेली फुलं लावून आठवणींची पानं करायची. मला काहीच येत नव्हतं. मला शिकवलं जेऊरच्या धम्मप्रियानं. ती ग्रामपंचायतीत संगणकावर बसते. आम्ही एकमेकींना पाहिलेलं नाही. पण रुद्राणीला पाजता पाजता मी तिचे आवाजी निरोप ऐकायची, त्यामुळं माझी लेक तिच्या आवाजावर डोळे मिटते.

"अगं चंद्रिका, बुरशी पुसायची न्हाय! पुसलीस की गाल बी जातोय. शेजारची चांगली कातडी उचलायची आन् तितं ठिवायची. ठिगळावानी. गोधडी शिवतीस का न्हाय?"

"नाही येत."

"मग हितं शिकून घे. लई सोपं हाय."

सोपं नव्हतं. गालाला तीन महिने लागले. मग मी रुद्राणीच्या बारशाचा फोटो घेतला. पाळणा, त्यात ती मुठी वळून झोपलेली. शेजारी अव्वाला बसवलं. तिच्या हातातली पिशवी काढून टाकली आणि मुठीत पाळण्याची दोरी दिली. बंद धरलेली बोटं दोरीवर इतकी बरोबर बसली, की जणू जत्रेत उभी राहून तिनं ती याचसाठी वळवून ठेवली होती. जे झालं नाही ते त्या पानावर झालं. आजीनं नातीचा पाळणा हलवला.

ते पान मी ग्रुपवर टाकलं. शंभरावर बायकांनी बदाम टाकले. ग्रुप चालवणाऱ्या महेश्वरी मॅडमनी काहीच लिहिलं नाही. मॅडमचं नवी पेठेत वरच्या मजल्यावर अल्बम आणि पत्रिकांचं दुकान आहे. ग्रुपमध्ये त्या 'सगळ्या सख्या एक' असं सारखं म्हणायच्या.

पंधरा दिवसांनी धम्मप्रियाचा निरोप आला. या वेळी आवाज हळू होता. "चंद्रिका, मॅडमच्या दुकानाच्या पेजवर जा. बसून बघ."

माझंच पान. तीच लेस, तीच फुलं, तोच पाळणा. खाली 'संकल्पना : महेश्वरी'. रुद्राणीच्या जागी कुणाचं तरी गोरं बाळ. आणि अव्वा नव्हती. पुसून टाकली होती. घाईत पुसली असणार, कारण दोरीवर चार बोटं तशीच राहिली होती, हिरव्या बांगडीचा तुकडा धरून.

मी मॅडमना खासगीत लिहिलं. उत्तर लगेच आलं. "अगं, ग्रुपमध्ये टाकलं की ते सगळ्यांचं. आणि ती बाई फिकट होती, मधेच डाग पडल्यासारखी. डाग काढला तेव्हा कुठं पान उठलं."

डाग.

तीन महिने मी तिच्या गालावरचे डाग काढत होते. हिनं तिलाच डाग म्हटलं.

संध्याकाळी मॅडमनी ग्रुपवर सगळ्यांसाठी लिहिलं : कलेत माझं-तुझं करणाऱ्यांना इथं जागा नाही. नाव नव्हतं, पण बायका ओळखतात. धम्मप्रिया म्हणाली, "हान की एक झणझणीत जबाब! मी हाय तुझ्या मागं." मी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि लिहिलं, चुकलं मॅडम. धम्मप्रिया दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिला कसं सांगणार होते, की भाकरी थापताना, लेकीचं अंग चोळताना मी फक्त त्या चार बोटांचा विचार करत होते, दुसरा कशाचाच नाही.

आता आमच्या कानडी बोलणाऱ्या समाजातल्या घरांतली एक गंमत सांगते; मॅडमचं घरही त्यातलंच. लाडात कानडी, देवापुढं कानडी, भांडणात तर कानडीच. पण शाळा मराठी. बोलतात सगळे, अक्षर ओळखणारं एक माणूस नाही. आणि तसं कबूल करायची लाज वाटते, म्हणून लग्नपत्रिकेवर कानडी वचन, म्हणजे आमच्या संतांची ओळ, दिसलं की सगळे डोळे मिटून हात जोडतात. मी अक्कलकोटकडच्या खेड्यातली, सातवीपर्यंत कन्नड शाळेत शिकले. त्यावरून सासूबाई उठता बसता टोमणे मारतात. "कानडी साळंतली पोरगी ही. मराठी पेपर वाचताना बोट ठेवती की ओळीवर!"

महिन्याभरानं मॅडमनी ग्रुपवर आनंदाची बातमी टाकली. वीरभद्रप्पांच्या पणतीच्या बारशाचं काम त्यांना मिळालं होतं. वीरभद्रप्पा म्हणजे कापडाचे मोठे व्यापारी, आणि आमच्या सासूबाईंचे लांबचे मामा. वय ब्याऐंशी. पाहुण्यांना वाटायची पुस्तिका, मोठ्या पडद्यावर पानं, असा थाट. मॅडमनी लिहिलं होतं, "आजोबांना मुखपृष्ठावर कानडी वचन हवंय. आपल्या समाजाचं काम, मन लावून करणार."

त्या दुपारी रुद्राणी झोपल्यावर मी अव्वाची वही काढली. त्यात तिच्या हातानं लिहिलेली पाळणागीतं आहेत. तीच मी रोज म्हणते. अळबेड कंद, अव्वा बंदळु. रडू नको बाळा, अव्वा आली. मी एकेका पानाचा फोटो घेतला आणि धम्मप्रियानं शिकवलं तसं एकेक अक्षर कडेकडेनं कापून वेगळं ठेवलं. 'कंद'मधला क घेतला. 'नन्न'मधला न. ळ शोधायला लागला नाही, तो 'अळबेड'मध्येच होता.

ते अळ घेताना मी थांबले. कानडीत अळिसु म्हणजे पुसणं. आणि अळिसु म्हणजे रडवणंही. शब्द एकच. शाळेत गुरुजी म्हणायचे, कुठला अर्थ ते मागच्या-पुढच्यावरून कळतं. मला दोन्ही हवे होते.

आठ दुपारी लागल्या. पाळणागीतांच्या अक्षरांतून तीन वाक्यांची एक पट्टी झाली. मी तिला जुन्या तांब्याचा रंग दिला, दोन्ही टोकांना वेलबुट्टी काढली. ग्रुपवर टाकली आणि खाली स्वच्छ मराठीत लिहिलं : माझ्या अव्वाच्या अक्षरातली पट्टी. लेकीच्या पहिल्या वाढदिवसासाठी केली आहे. कृपया कुणी वापरू नये.

पाच मिनिटांत मॅडमची ओळ आली. "वा! वचन का गं?"

मी हात जोडल्याचं चित्र टाकलं. एवढंच खोटं मी केलं.

मॅडमनी कुणाकडून तरी ती वाचून घ्यायची होती. पण विचारलं असतं तर आपल्याला वाचता येत नाही हे कळलं असतं.

बारशाला आम्ही सगळे गेलो. कार्यालय खचाखच भरलेलं. दाराशीच पुस्तिका हातात मिळाली. मी लगेच बघितलं नाही. खुर्चीत बसले, रुद्राणीला मांडीवर नीट घेतलं, तिचं टोपरं सारखं केलं, आणि मग बघितलं. मुखपृष्ठावर माझा पाळणा, माझी लेस. दोरीवर चार बोटं. आणि खाली, तांब्याच्या रंगात, पट्टी.

पाळणा झाला, नाव ठेवलं. मग पडद्यावर तेच पान आलं, भिंतीएवढं. महेश्वरी मॅडमना स्टेजवर बोलावून वीरभद्रप्पांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली. मॅडम माइकवर म्हणाल्या, "आजोबांची इच्छा म्हणून हे वचन मी मुद्दाम जुन्या पोथीतून शोधून काढलं."

"मीच वाचतो की मग," वीरभद्रप्पा म्हणाले. "लहानपणी कन्नड शाळेत होतो मी. सत्तर वर्षं झाली." त्यांनी चष्मा पुसला. सभागृह उभं राहिलं. सासूबाईंनी मला कोपर मारलं. "ऊठ की! पदर घे डोक्यावर. वचन हाय."

मी उठले. पदर घेतला. रुद्राणी कडेवर.

"ई पुट नन्नदल्ल," वीरभद्रप्पांनी संथ, मोठ्या आवाजात वाचलं. हे पान माझं नाही.

आजूबाजूला माना डोलल्या. सासूबाईंनी डोळे मिटून उसासा टाकला. "खरं हाय बघ. काय आपलं हाय या जगात?"

"कद्दद्दु." चोरलेलं आहे.

काही माना डोलायच्या थांबल्या. काही सवयीनं डोलतच होत्या. वीरभद्रप्पांनी चष्मा वर केला, खाली केला. पण म्हातारं माणूस, ओळ अर्धी सोडवेना.

"काशम्मन्न अळिसिदवळु नाने."

काशम्माला पुसणारी मीच. काशम्माला रडवणारी मीच. वाचता कुणाला येत नव्हतं. ऐकून मात्र सगळ्यांना कळलं. पार मागच्या रांगेपर्यंत कळलं. जोडलेले हात तसेच राहिले आणि त्यांचं काय करायचं ते कुणाला सुचेना.

मॅडम हसत होत्या. हसणं चेहऱ्यावरून उतरायला वेळ लागला. त्या पडद्याकडं बघायला लागल्या, जणू आता अक्षरं वाचता येतील.

"काशम्मा यारु?" वीरभद्रप्पांनी विचारलं. काशम्मा कोण?

"नन्न अव्वा," मी म्हणाले. माझा आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. "हे पान माझं आहे. अव्वा इथं बसली होती. यांनी तिला पुसलं आणि मला म्हणाल्या, डाग काढला. पुसायला नीट आलं नाही. बघा, दोरीवर तिची बोटं आहेत अजून."

अख्खं सभागृह बोटांकडं बघायला लागलं. कुणी तरी विचारलं, "आहे का ती बाई?" सासूबाईंच्या तोंडून निघून गेलं, "वारली की गेल्या साली."

तेव्हा बाळाची आई पुढं झाली आणि तिनं बाळाला पाळण्यातून झटकन उचललं. छातीशी धरलं. विशी-बाविशीची पोर, बाळंतपणानं सुजलेली, काजळ पसरलेलं. मेलेल्या बाईचा हात आपल्या पाळण्याला, एवढंच तिला दिसत होतं. सगळा हिशेब मी केला होता, ही पोर त्यात धरली नव्हती. मी तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "घाबरू नको गं. तो हात कुणाला वाईट करणारा नाही. मला वाढवलंय त्यानं." तिनं माझ्याकडं बघितलं, रुद्राणीकडं बघितलं, पण बाळ काही पाळण्यात ठेवलं नाही. तेवढं एक माझ्या अंगावर आहे. ते मी नाकारत नाही.

वीरभद्रप्पा ओरडले नाहीत. त्यांनी मॅडमच्या खांद्यावरची शाल उचलली, चार पदरी घडी घातली आणि तबकात परत ठेवली. घडी नीट बसेपर्यंत त्यांनी दोनदा हात फिरवला. त्यापेक्षा ओरडले असते तर मॅडमना सोपं गेलं असतं.

चपलांपाशी मॅडमनी मला गाठलं. डोळे लाल. "एवढं करण्यापेक्षा आधी सांगायचंस की मला!"

"लिहिलं होतं की," मी म्हणाले. "मराठीत."

त्या रडायला लागल्या. मी बघत उभी राहिले. अळिसु, मनात म्हणाले. आता दुसरा अर्थ.

रिक्षात सासूबाई पुस्तिका उलटसुलट करून बघत होत्या. हे पुढं बसलेले, खांदे हलत होते. हसत होते की काय कोण जाणे. सात रस्ता चौक आला तसं सासूबाईंनी हळूच विचारलं, "चंद्रिका, त्या डब्यांवर तू कानडीत लिहून चिठ्ठ्या लावल्यात, त्यात काय हाय गं?"

"तूरडाळ, हरभराडाळ. दुसरं काय असणार, अत्ती?"

"न्हाय, इचारलं आपलं."

त्या दिवसापासून शाळेचा टोमणा बंद आहे. कालच बघितलं, सासूबाई मुगाच्या डब्यावरची चिठ्ठी उजेडात धरून उभ्या होत्या.

दुसऱ्या दुपारी पेजवरून पान निघालं होतं. संध्याकाळी मॅडमनी ग्रुपवर माझं मूळ पान टाकलं, अव्वासकट, माझ्या नावानं. धम्मप्रियाचा निरोप आला. "लई भारी केलंस बाई! मी तुला भित्री समजत हुते. आता जीव थंड झाला का न्हाय?"

रुद्राणी झोपली होती. मी वही उघडून बसले होते. गाणी जिथल्या तिथं होती, एक अक्षर कमी झालेलं नव्हतं. मी विचार केला आणि खरं ते सांगितलं.

"न्हाय. डाग म्हणाली ती."

पट्टी मी पुसलेली नाही. फोनमध्ये जपून ठेवली आहे. रुद्राणीला बोलता यायला लागलं की मी तिला अव्वाच्या वहीतून अक्षरं शिकवणार. पहिला शब्द अळबेड. रडू नको. मग अळिसु.

दोन्ही अर्थ सांगणार आहे.