यादीतली अकरावी ओळ

सामन्याच्या सकाळी साडेसहापासून कर्णधार हॉटेलच्या खोलीत येरझारा घालत होता. पलंगापासून खिडकीपर्यंत नऊ पावलं, खिडकीपासून पलंगापर्यंत आठ. हे असं कसं होतं ते तपासण्यात वीस मिनिटं बरी गेली. बाकीचा वेळ गेल्या चौदा डावांचा विचार करण्यात गेला. त्यांतली सर्वांत मोठी खेळी एकतीस धावांची होती, आणि त्यांतल्याही बारा बॅटची कड घेऊन स्लिपच्या डोक्यावरून गेल्या होत्या.

सात वर्षांपूर्वी तो कर्णधार झाला तो काही पराक्रम गाजवून नव्हे. संघात तेव्हा दोन दिग्गज होते. पहिला दुसऱ्याच्या हाताखाली खेळायला तयार नव्हता आणि दुसरा पहिल्याच्या. निवड समितीला कोणाचीच हरकत नसलेला माणूस हवा होता, आणि हरकत घेण्याइतकं याच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. पुढे दोन्ही दिग्गज निवृत्त होऊन समालोचक झाले आणि तेव्हापासून याचं काय चुकतं याबाबत त्यांच्यात कधी मतभेद झाला नाही. तरी त्याने सामने जिंकले, मालिका जिंकल्या. जिंकल्यावर 'सगळं श्रेय संघाचं' आणि हरल्यावर 'यातून शिकण्यासारखं खूप आहे' ही दोन वाक्यं तो झोपेतही बोलतो, असं बायको सांगायची. त्याला दुसरा साक्षीदार नसल्यामुळे ते खोडून काढायची सोय नव्हती.

आता मालिका दोन-दोन अशी अडकली होती आणि आज शेवटची कसोटी सुरू होणार होती. तिसऱ्या क्रमांकाच्या एका जागेसाठी दोन माणसं होती. एक तो स्वतः. दुसरा मास्तर. मास्तर खरोखरच शाळेत गणित शिकवायचा, एकतिसाव्या वर्षी पहिल्यांदा राष्ट्रीय संघात आला होता, आणि तीन वर्षं राखीव खेळाडू म्हणून पाणी नेत होता. मागच्या आठवड्यातल्या सराव सामन्यात त्याने एकशे बेचाळीस धावा केल्या होत्या, त्याही कोणाला त्रास न देता.

काल निवड समितीच्या अध्यक्षांनी फोन केला होता. "आमचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. अकरा खेळाडू तुम्हीच ठरवा." या धंद्यात पूर्ण विश्वासानंतर यायचा राहतो तो फक्त निरोप समारंभ.

सातला त्याने बायकोला फोन लावला. ती दातांची डॉक्टर होती आणि दवाखान्याला निघण्याच्या घाईत होती.

"मी खेळू का?" त्याने विचारलं.

"मला काय विचारता? मी तुमची कॅप्टन आहे का?"

"घरी आहेस की."

"मग घरातलं विचारा. गॅस सिलेंडर संपलाय, बोला."

"अगं, थट्टा नको."

"हे बघा, हलणारा दात असला की जीभ सारखी तिथेच जाते. माणसाला दुसरं काही सुचत नाही. पण माझ्याकडे आजवर एकही पेशंट 'काढा' म्हणत आलेला नाही. सगळे म्हणतात, अजून थोडे दिवस राहू द्या."

"मग तू काय करतेस?"

"मी भूल देते," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मैदानाकडे जाताना बसमध्ये उपकर्णधार शेजारी येऊन बसला. तो यष्टिरक्षक होता, डोक्याचे केस अकाली पिकल्यामुळे सगळे त्याला काका म्हणत.

"ठरलं का?" काकांनी विचारलं.

"पाचवा गोलंदाज काढला तर?"

"मग विकेट काय तुझ्या भाषणांनी काढायच्या? तू किंवा मास्तर. काय ते ठरव, आणि त्याला आधी सांग. कागद चिकटवल्यावर वाचू देऊ नकोस बिचाऱ्याला."

वगळलेल्या माणसाला कर्णधाराने स्वतः, तोंडावर सांगायचं, असा संघाचा रिवाज होता. तो यानेच पाडला होता आणि आता पस्तावत होता. कारण ठरलं होतं. तो स्वतः खेळणार होता. अनुभव, दडपण, निर्णायक सामना असे चार शब्द त्याने मनाशी जुळवले आणि तो सीमारेषेजवळ गेला. मास्तर पॅड बांधून सरावाचे चेंडू खेळत होता. प्रत्येक चेंडू बॅटच्या मधोमध लागत होता. असल्या आवाजात वाईट बातमी सांगणं कठीण असतं.

"काय मास्तर, पाठ कशी आहे?" कर्णधाराने विचारलं.

"ठीक आहे, कॅप्टन. मागच्या वेळी वगळलंत तेव्हाही ठीकच होती." मास्तर हसला आणि पुढचा चेंडू खेळायला वळला.

चार शब्द तोंडातच राहिले. तेवढ्यात व्यवस्थापक यादीचा छापील कागद घेऊन धावत आले. नाणेफेकीला दहा मिनिटं उरली होती. कर्णधाराने कागद एका बॅटच्या सपाट बाजूवर ठेवला आणि लिहायला घेतलं. स्वतःचं नाव तो नेहमी शेवटी लिहायचा. आजही एकेक खेळाडू मैदानावर नजरेने शोधत त्याने नावं उतरवली. सलामीचे दोघे पळत होते, काका झेल घेत होते, वेगवान गोलंदाज आडवा पडून पाय ताणत होता. जो दिसला तो लिहिला. अकरा ओळी भरल्या. खाली त्याने झोकात सही केली. कागदावर आपलं नाव पाहून मनाला बरं वाटलं आणि तो खेळपट्टीकडे चालू लागला.

तिथे सामनाधिकारी आणि समोरच्या संघाचा कर्णधार उभे होते. या दुसऱ्या कर्णधाराला सगळे लंबू म्हणत. याद्यांची अदलाबदल झाली. लंबूने वरून खाली वाचलं, मग खालून वर वाचलं.

"तू कुठे आहेस रे?"

"म्हणजे?"

"यात तू नाहीस. मास्तर आहे."

कर्णधाराने कागद घेतला. मोजणारा स्वतःला मोजायला विसरतो, ही गोष्ट त्याने लहानपणी ऐकली होती आणि त्यातल्या माणसांना पोट धरून हसलाही होता.

"एकदा दिलेली यादी समोरच्या कर्णधाराच्या संमतीशिवाय बदलता येत नाही," सामनाधिकारी म्हणाले.

"माझी संमती आहे," लंबू म्हणाला.

"विचार करून सांग," कर्णधार म्हणाला. "निर्णायक सामना आहे."

"यात विचार कसला? मास्तरला खोड, तुझं नाव घाल. मी सही करतो." लंबूने पेनाचं टोपण काढलंसुद्धा होतं. "तू खेळायलाच हवंस यार. तुझ्याशिवाय मजा नाही."

तो मनापासून बोलत होता, हेच वाईट होतं. कर्णधाराने त्या पेनाकडे पाहिलं. सात वर्षांत लंबूने त्याला कधी एक धाव फुकट दिली नव्हती. संशयास्पद झेलावरही तो पंचांशी पाच-पाच मिनिटं हुज्जत घालायचा. आणि आज देशाचा कर्णधार संघात येऊ द्यायला त्याने श्वास घेण्याइतकाही वेळ लावला नव्हता.

"राहू दे," कर्णधार म्हणाला.

"म्हणजे?"

"यादी बरोबर आहे."

लंबूचा चेहरा पडला. तो त्याने लगेच उचलला, पण उशीर झाला होता.

सामनाधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. "मग नाणेफेकीला तुमचा कर्णधार बोलवा."

काका हातमोजे काखेत धरून आले. त्यांना सगळं कळेपर्यंत नाणं हवेत गेलं आणि ते जिंकलेही. सवयीने त्यांनी मागे वळून पाहिलं. "काय घेऊ?"

फलंदाजी, असं याच्या ओठांवर आलं होतं. "मला काय विचारतोस?" तो म्हणाला.

काकांनी फलंदाजी घेतली.

ड्रेसिंग रूममध्ये व्यवस्थापकांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "याला मन मोठं लागतं."

"चूक झाली होती हो. नाव लिहायचं राहिलं."

"हाच तो मोठेपणा," व्यवस्थापक गहिवरून म्हणाले. पाठोपाठ अध्यक्षांचा फोन आला, त्यांनीही चूक मान्य केली नाही. वर टीव्हीवर दोन्ही दिग्गज समालोचक त्याच्या त्यागाबद्दल बोलत होते आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यात मतभेद झाला होता. एक म्हणत होता, हे सहा महिने आधी हवं होतं. दुसरा म्हणत होता, वर्षभर.

त्याला बसवेना. त्याने पाण्याच्या बाटल्या भरल्या, त्या मोजल्या, पुन्हा ओतून भरल्या. मास्तर कोपऱ्यात हेल्मेट मांडीवर घेऊन शांत बसला होता. त्याला काही सांगावं असं कर्णधाराला दोनदा वाटलं, पण वगळण्याचा रिवाज होता, घेण्याचा नव्हता.

तिसऱ्या षटकात मैदानावर एकदम ओरडा झाला. सलामीवीराचा त्रिफळा उडाला होता. कर्णधार ताडकन उठला, पॅड ओढून डाव्या पायाला बांधला, पट्टे कसले आणि दुसरा शोधू लागला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की खोलीतले सगळे त्याच्या पायाकडे पाहताहेत. मास्तर हेल्मेट घालून, बॅट हातात घेऊन समोर उभा होता आणि हा दारात वाट अडवून उभा होता.

"कॅप्टन, जरा वाट द्या," मास्तर हळूच म्हणाला.

तो भिंतीला चिकटून उभा राहिला. मास्तर पायऱ्या उतरला. मग एकाच पायाला पॅड बांधलेला कर्णधार ठकठक करत कठड्यापाशी गेला आणि मास्तरचा पहिला चेंडू त्याने उभ्यानेच पाहिला.