अंगठा मोकळा ठेवा

मी चुंबकाची कॉइल त्याच्या कपाळाजवळ आणली, आवाजाची सवय व्हावी म्हणून नुसता एक टक् ऐकवला, आणि त्याची बुक्की माझ्या जबड्यावर बसली. मी ट्रॉलीवर आदळले. तोंडात रक्त आलं. तो खुर्चीतून उठून भिंतीवर कपाळ आपटत होता आणि त्याची बायको मागून शर्ट ओढत होती.

"अहो, ती बाई उपचार करतेय! मारायचंही यांनीच आणि बोंबलायचंही यांनीच."

तिचा एक डोळा सुजून जांभळा झाला होता. तो परवाचा, हे तिने आल्या आल्याच सांगितलं होतं. आणि हेही, की आज हे अर्ध्यावर उठले तर मी मुलीला घेऊन भावाकडे जाणार, ती कायमची.

तो कत्तलखान्यात कामाला होता. साखळीवरचा रिकामा आकडा झोका खाऊन त्याच्या कानशिलावर बसला. स्कॅनमध्ये काही नाही, मार किरकोळ. पण तेव्हापासून डोकं ठणकायचं, अंथरुणातून उठवत नसे, आणि उठला की हात उगारायचा. गोळ्यांनी फरक पडेना, म्हणून डॉक्टरांनी त्याला माझ्याकडे पाठवलं होतं. चुंबकाचे ठोके देऊन मेंदूचा मंदावलेला भाग जागा करणं हे माझं काम.

रक्षकाला बोलवायची घंटा हाताशी होती. बायको माझ्याकडे बघत होती. मी घंटा दाबली नाही.

"कपाळाला टेकवायचं, टक् करायचं, वर म्हणायचं हलू नका," तो भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला. "मला शिकवता? कामावर जनावरांना रोज तेच करतो मी. खिळ्याची बंदूक."

"मग काय होतं?"

"पडतं. पाय झाडतं. गळा दुसरा कापतो." तो वळला. "आधी तुम्ही बसा."

मला किती जोराचा ठोका पुरतो, ती मात्रा मी हे काम शिकतानाच मोजलेली होती. ती लावून, एकच ठोका ठेवून मी खुर्चीत बसले आणि कॉइल त्याच्या हातात दिली. त्याने ती तोलली. डाव्या तळहाताने माझा डोळा झाकला आणि कॉइल बरोबर कपाळाच्या मध्यावर टेकवली.

"असं केलं की हलत नाही."

त्याचा हात स्थिर होता. मी त्याचं मनगट धरून कॉइल वर, माझ्या डावीकडे सरकवली.

"इथे मारलं तर जनावर पडत नाही," तो म्हणाला.

"म्हणूनच. दाबा."

टक्. माझ्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडाला. पाय झाडणाऱ्या जनावरापासून सरतात तसा तो कॉइल घेऊन झटकन मागे सरला. मी बसलेलीच होते.

तो माझ्या पायांकडे बघत राहिला. मग मी उठल्यावर स्वतः बसला आणि बायकोपुढे हात धरले. "बांध."

तिने स्कार्फने त्याची मनगटं आवळली. गाठ बसली तरी ओढतच राहिली. बोटं पांढरी पडली.

"दुखतंय गं."

"दुखू दे तुला."

"उजवा अंगठा मोकळा ठेवा," मी म्हणाले. "मला तो दिसायला हवा. तो उडाला की कळतं, ठोका लागला."

तिने स्कार्फची घडी तेवढी बाजूला केली. मी कॉइल टेकवली. टक्. अंगठा उडाला. त्याच्या घशातून गुरगुर निघाली, मानेच्या शिरा फुगल्या, स्कार्फ टरकला. डोकं मात्र हललं नाही.

"अजून ठोके आहेत?" बायकोने विचारलं.

"बरेच."

"द्या," ती म्हणाली, आणि गाठ मुठीत धरून उभी राहिली.