गाणीवाल्या सरांच्या वह्या

मित्रांनो, पोटावर लांबलचक भेग असलेली आणि सहापैकी एक खुंटी वेगळ्याच रंगाची असलेली जुनी गिटार, ती मी. माझ्या आवाजाबद्दल लोक चांगलं बोलतात. स्वभावाबद्दल मात्र मलाच कबूल केलं पाहिजे, की मी पहिल्यापासून संशयी आहे. कोणी माझ्याकडे दोनदा पाहिलं, तरी याच्या मनात काय आहे, असा प्रश्न मला पडतो.

याला कारणही तसंच घडलं. कारखान्यातून दुकानात येताना माझं खोकं गाडीतून खाली पडलं आणि मला ही भेग पडली. दुकानदाराने ती बाजू भिंतीकडे केली. गिऱ्हाईक आलं, की तो माझी पाठ दाखवायचा आणि म्हणायचा, "काय चकाकी आहे बघा!" दोन वर्षं मी हे ऐकलं. जो कौतुक करतो तो काहीतरी लपवतो, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

मग एके दिवशी सर आले. उंच, किडकिडीत, सदऱ्याच्या खिशात दोन पेनं. त्यांनी माझी पाठ पाहिलीच नाही. मला सरळ फिरवलं, भेगेवरून अंगठा फिरवला, एक तार छेडली आणि वाकून माझ्या पोटाला कान लावला.

"ही बोलते," ते म्हणाले.

मला वाटलं, याला माझं लाकूड हवं असणार. घरी नेल्यावर त्यांनी आरशाचा तुकडा माझ्या पोटात धरला आणि आतून भेगेवर लाकडाच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या. गोंद वाळेपर्यंत चार दिवस त्यांनी मला हात लावला नाही. तरी महिनाभर मी हाच विचार करत होते, की आज ना उद्या हे मला कोणाच्या तरी गळ्यात मारणार. मित्रांनो, ते 'उद्या' पुढची सव्वीस वर्षं आलं नाही.

सरांची शिकवणी सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत चालायची. खाली पंप फुसफुसायचा आणि वर आम्ही सूर लावायचो. शिकायला सगळ्या प्रकारची माणसं यायची. एक बसचालक होता. तो म्हणायचा, "सर, माझी बोटं जाड आहेत हो." सर म्हणायचे, "बोटं ठीक आहेत. तुमची घाई जाड आहे." तो हसायचा आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवायचा.

सर लोकगीतं शिकवायचे. धुणं धुताना, होडी वल्हवताना, खाणीत दगड फोडताना माणसं जी गाणी म्हणतात, ती. रविवारी ते मला पाठीला लावून बसने दूरदूर जायचे आणि म्हाताऱ्या माणसांसमोर बसून गाणी उतरवून घ्यायचे. प्रत्येक गाण्याखाली ते कोणी दिलं, कुठल्या गल्लीतल्या कुठल्या घरात दिलं, हे लिहायचे. वर्गात कोणी नुसतंच गाणं सुरू केलं, तर ते तारांवर हात ठेवून आवाज बंद करायचे. "आधी कोणाचं ते सांग. मग वाजव." अशा अकरा वह्या कपाटात होत्या. त्या गाण्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

सरांना एक मोठी बहीण होती. तिला ते ताई म्हणत. ताई कोर्टात टंकलेखक होती, नुकतीच निवृत्त झाली होती. दर शनिवारी डबा घेऊन यायची, कपाटावरून बोट फिरवून धूळ बघायची आणि माझ्याकडे बघून म्हणायची, "तारा खाजवून जन्म काढला यानं." सर हसायचे. मी हसत नसे. या बाईला आपण नको आहोत, हे मी केव्हाच ताडलं होतं.

शेवटच्या दोन वर्षांत नर्सबाई शिकायला येऊ लागल्या. वय त्रेचाळीस. सरांना खोकल्यासाठी ज्या दवाखान्यात जावं लागलं, तिथल्याच त्या. मला पहिल्याच दिवशी शंका आली. दिवसभर उभ्याने राबणाऱ्या बाईला या वयात गिटार कशाला? तिला सुराचं अंग नव्हतं आणि तालाचं तर मुळीच नव्हतं. नाडी बघावी तशी ती माझ्या तारा दाबायची. सर मात्र तिच्यावर कधी रागावले नाहीत. तेही मला खटकलं.

एका दुपारी मी पेटीत होते, झाकण बंद होतं. बाहेर दोघं हळू आवाजात बोलत होती.

"ताईला कळता कामा नये," सर म्हणाले.

"आज ना उद्या कळणारच."

"कळू दे तेव्हा. तोवर कामाला लागू. ही किल्ली ठेवा तुमच्याकडे."

काय कळता कामा नये? कसली किल्ली? सरांच्या डोळ्यांवर या बाईने पट्टी बांधली, असं मी ठरवूनच टाकलं.

त्यानंतर सर बसून शिकवायला लागले. मग निम्माच तास शिकवायला लागले. एका गुरुवारी त्यांनी माझ्या तारा थोड्या सैल केल्या, मला पेटीत ठेवलं आणि म्हणाले, "आलोच हं." सर असं कोणालाही म्हणत, अगदी कपाटालासुद्धा. मी वाट पाहिली.

झाकण उघडलं ते अकरा दिवसांनी, आणि उघडलं ताईने. सर दवाखान्यातच वारले होते, हे मला जिन्यावर जमलेल्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यावरून कळलं. बसचालक पायरीवर बसून लहान मुलासारखा रडत होता. ताई रडत नव्हती. मला वाटलं, हिला काय, सुटली एकदाची. तिने मला खुर्चीवर ठेवलं, माझ्यावर जुनी चादर टाकली आणि दुसऱ्या दिवशी चार रिकामी पोती आणली.

चादरीला एक भोक होतं. तेवढ्यातून मी खोलीवर पहारा ठेवला. सकाळी ताई यायची. भांडी, कपडे, औषधांच्या बाटल्या पोत्यांत भरायची. कपाटापाशी आली, की थांबायची आणि ते तसंच बंद ठेवून जायची. आणि दर मंगळवारी दुपारी, कोणी नसताना, कुलूप हळूच उघडायचं. नर्सबाई पायांतल्या वहाणा हातात घेऊन आत यायच्या, कपाटातून एक वही काढून पिशवीत घालायच्या आणि निघून जायच्या. एक मंगळवार, एक वही. सात मंगळवारांत सात वह्या गेल्या.

मित्रांनो, त्या वेळी माझ्या जिवाची काय तगमग झाली असेल! आम्हां वाद्यांना हात लावल्याशिवाय बोलता येत नाही. एक बाई सरांची गाणी चोरते आहे, दुसरी सरांचं घर पोत्यात भरते आहे, आणि मी चादरीखाली गप्प. सरांच्या मागे एकही माणूस भरवशाचं उरलं नाही, असं मला वाटलं.

आठव्या मंगळवारी ताई सकाळी आली आणि गेलीच नाही; खालच्या सायकलवाल्याने तिच्या कानावर काही घातलं असावं. दाराआडच्या स्टुलावर मांडीवर पर्स घेऊन बसून राहिली. दुपारी कुलूप उघडलं. नर्सबाई आत आल्या, कपाट उघडलं, वही पिशवीत घातली.

"ठेवा ती खाली," ताई म्हणाली.

नर्सबाई इतक्या दचकल्या, की वहाणा हातातून पडल्या.

"किल्ली कुठून आली?"

नर्सबाईंनी घसा साफ केला.

"मी चौतीस वर्षं साक्षी टाइप केल्यात," ताई म्हणाली. "खोटं बोलायच्या आधी माणूस घसा साफ करतो."

"मला सर्दी झालीय हो," नर्सबाई म्हणाल्या. "किल्ली सरांनी दिली."

"का?"

"प्रत्येक गाणं ज्या घरातून आणलं, त्या घरी परत द्यायचं होतं त्यांना. देणारी माणसं गेली, पण मुलंनातवंडं आहेत. ते स्वतः जाणार होते. मग म्हणाले, मला जमणार नाही, तुम्ही जा. म्हणून मला शिकवत होते. मी वह्या घरी नेते, गाणी उतरवून काढते आणि सुट्टीच्या दिवशी एकेका घरी जाते. सात वह्या माझ्या ट्रंकेत आहेत. या आणि मोजून घ्या."

"मग हे चोरासारखं कशासाठी? मला विचारता येत नव्हतं?"

"विचारणार कशी? दवाखान्यात तुम्ही सगळ्यांदेखत मला म्हणालात, तुला याचं दुखणं माहीत होतं आणि तू माझ्यापासून लपवलंस. खरंच होतं ते. लपवलं होतं मी." नर्सबाईंनी पोत्यांकडे बोट दाखवलं. "आणि पोती पाहिली. मला वाटलं, तुम्ही वह्या रद्दीत घालणार."

"मी?" ताई उभी राहिली. "मी रद्दीत घालणार? अहो, दोन महिने त्या कपाटाला हात लावायचा धीर होत नाहीये मला!"

मित्रांनो, हे ऐकून मी चादरीखाली चपापले. कारण मीही तेच समजत होते.

मग ताईने विचारलं, आणि आता तिच्या आवाजात कोर्ट नव्हतं, "माझ्यापासून का लपवलं त्यानं?"

"ते म्हणायचे, ताईनं आईचं दुखणं काढलं, भावजींचं काढलं. आता तिला माझं नको."

ताई परत स्टुलावर बसली. पर्स उघडून रुमाल शोधू लागली. तो समोरच होता, तरी तिला सापडेना. शेवटी नर्सबाईंनी तो तिच्या हातात दिला.

"कोणती वही आहे ती?" डोळे पुसून ताईने विचारलं.

"ही पहिलीच. मी मुद्दाम मागे ठेवली होती. यातलं पहिलं गाणं कोणाच्या घरी द्यायचं, ते मला कळेना. पत्ताच नाही. नुसतं लिहिलंय, 'आईकडून.'"

ताईने चष्मा चढवला. पानावर दोनच कडवी होती. त्यांच्याखाली सरांच्या बारीक अक्षरांत लिहिलं होतं: "शेवटचं कडवं माहीत नाही. तोवर मी झोपलेला असायचो. ताईला विचारायचं."

शाई फिकट झाली होती. म्हणजे विचारायचं, विचारायचं म्हणता म्हणता एवढी वर्षं गेली होती. दर शनिवारी ती समोर यायची, सर धूळ आणि डबा यांवर बोलायचे, आणि गाणं राहून जायचं.

"मला येतं," ताई पुटपुटली. "मी जागी असायचे."

नर्सबाईंनी माझ्यावरची चादर काढली. तारा सैल होत्या, त्यांनी त्या ताणल्या. चौथी जरा उतरलेलीच राहिली. नेहमीसारखाच त्यांचा ताल पुढेमागे होत होता. पण ताईने तो सांभाळून घेतला. रुक्ष वाटणाऱ्या त्या बाईचा गळा किती मऊ होता म्हणून सांगू!

"हळू ये रे वाऱ्या, हळू लोट दार,
माझ्या घरी निजले दोन जीव गार."

दुसरं कडवं झालं. आणि मग सरांनी कधीच न ऐकलेलं तिसरं:

"धाकट्याच्या उशाला मोठीचा हात,
वाऱ्या, तो सोडवू नको, सरू दे रात."

नर्सबाईंचं बोट तारेवर तसंच थबकलं. ताई म्हणाली, "रडू नका. लिहून घ्या आधी. नाहीतर राहून जाईल."

आता मी ताईच्या घरी असते. सातही वह्या ट्रंकेतून परत आल्या. रोज सकाळी ताई टंकलेखन यंत्रावर एकेक गाणं दोन प्रतींत उतरवते आणि कोर्टातल्या सवयीने देणाऱ्याचं नाव सगळ्यांत वर टाइप करते. त्या यंत्रावर माझा अजून विश्वास बसलेला नाही. फार खडखडतं. मंगळवारी आम्ही तिघी बसने निघतो. नर्सबाईंच्या पाठीला मी आणि ताईच्या पिशवीत कागद.

परवा एका घरी साखळी न काढताच एका गृहस्थाने दार उघडलं. फटीतून आधी मला पाहिलं, मग या दोघींना.

"काही घ्यायचं नाही आम्हांला," तो म्हणाला.

"आम्ही विकायला नाही आलो," ताई म्हणाली. "तुमच्या आजीचं एक गाणं आमच्याकडे राहिलं होतं. ते द्यायला आलोय."

त्याच्या डोळ्यांत जो संशय होता, तो माझ्या चांगलाच ओळखीचा होता. मला त्याचा राग आला नाही. नर्सबाई दारातच उभ्या राहून वाजवायला लागल्या. पहिली ओळ चुकली, दुसरी बरी गेली. तिसरीला आतून कोणी म्हातारी बाई पुढचे शब्द म्हणू लागली, आणि त्या गृहस्थाने मागे वळून पाहत साखळी काढली.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरात एखादं वाद्य असेल तर त्याच्यावरची चादर अधूनमधून काढत जा. ऊन आणि ओल यांपासून त्याला जपा. आणि तुमच्या आई-आजीला, मावशीला, ताईला जे काही विचारायचं ठरवलं असेल, ते वहीत लिहून ठेवू नका. शनिवारी ती डबा घेऊन आली, की विचारून टाका.