चौथी पिन

रूबेन आला त्या दिवसापासून कुंदाचं आणि त्याचं एक वाक्यही धड बोलणं झालं नाही.

तो बेल्जियमहून सेटची सुरक्षितता तपासायला आला होता, ‘उतार’ नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या नऊ दिवस आधी. जबलपूरचं एक नाट्यमंडळ, गेन्ट शहरातला एक मोठा महोत्सव आणि फ्रान्समधलं एक थिएटर अशा तिघांनी मिळून हे नाटक उभं केलं होतं. सोळा नट इथले, सहा नर्तक तिकडचे. रंगमंचावर वस्तू म्हणाल तर एकच, चौदा मीटर रुंदीचा लोखंडी उतार. त्याच्या पुढच्या कडेला चार बिजागऱ्या, प्रत्येकीत मनगटाएवढी पोलादी पिन, आणि मागून दोन जॅक तो हळूहळू वर उचलायचे. शेवटच्या प्रवेशात बावीस माणसं त्या चढावर एकदम धावत सुटायची. पहिला प्रयोग जबलपूरला, मग युरोपातली सहा शहरं, असं ठरलेलं.

कुंदा मंडळाची स्टेज मॅनेजर. वय एकोणपन्नास. एरवी ती एका कॉलेजच्या ऑफिसात काम करायची, पण या नाटकासाठी तिनं वर्षभराची रजा टाकली होती. सत्तावीस वर्षं पडद्यामागे तिचाच शब्द चालत आला होता. तिथे हा लांबलचक माणूस आला, चहाला नको म्हणाला, टॉर्च घेऊन उताराखाली सरपटत शिरला आणि दोन तासांनी बाहेर आला तेव्हा लोखंडावर खडूच्या एक्केचाळीस फुल्या होत्या.

“फुल्या पुसल्या जाईपर्यंत वर कोणी चढायचं नाही,” त्यानं इंग्रजीत सांगितलं आणि गळ्यातली शिट्टी वाजवली. वर उभे असलेले नट गुरांसारखे खाली उतरले.

कुंदानं त्याचा सूड आपल्या परीनं घेतला. दुसऱ्या दिवशी सभागृहाची किल्ली तिनं पाऊण तास उशिरा आणली. तो समोर असताना सगळ्यांशी फक्त हिंदीत बोलली. त्यानं बोल्ट आखूड म्हटले, तर तिनं ते मोजून दाखवले. त्यानं मोजपट्टी चुकीची आहे म्हटलं, तर तिनं ती त्याच्या पायाशी टाकली. सहा दिवस हे असंच चाललं. फुल्या एकेक करून पुसल्या गेल्या, राग मात्र साठत गेला.

सातव्या दिवशी रूबेन एक कागद घेऊन आला. पिनांच्या पोलादाची चाचणी झाल्याचं ते सर्टिफिकेट होतं. खाली ‘तपासून घेतले’ अशी कुंदाची सही होती.

“या कागदावरचा नंबर तीन पिनांच्या टोकावर ठोकलेला आहे. चौथीवर नाही.”

“बसवताना घासला गेला असेल.”

“घासला तर खूण राहते. तिथे खूणही नाही. तुम्ही चारही बघून सही केली होती का?”

सगळे नट खुर्च्यांवर बसून ऐकत होते. कुंदाचं डोकं भडकलं.

“तुम्ही विमानात बसायच्या आधीच ठरवलं होतं, की इथे सगळे चोर असणार! सात दिवस झाले, एकाला चांगला शब्द नाही तुमच्या तोंडून. सत्तावीस वर्षांत माझ्या एका नटाला खरचटलंसुद्धा नाही.”

“हे मी विचारलं नव्हतं,” रूबेन म्हणाला.

पण तोवर टाळ्या पडल्या होत्या. मागच्या रांगेतून दिग्दर्शक देवदत्तनं “वा, कुंदा!” म्हणून आरोळी दिली. रूबेननं कागदाची घडी घातली आणि तो निघून गेला. टाळ्या थांबल्यावर कुंदाच्या लक्षात आलं, की त्याच्या प्रश्नाचं उत्तर तिनं दिलंच नव्हतं. उत्तर ‘नाही’ असं होतं.

दुपारी ती शहराच्या कांचघर भागात गेली. उतार तिथे बनला होता, तिच्या सख्ख्या धाकट्या भावाच्या, आनंदच्या कारखान्यात. काम तिनंच त्याला मिळवून दिलं होतं.

“चौथ्या पिनवर नंबर काहून नाही, आनंद?”

आनंदनं ग्राइंडर बंद केला. “उस गोरे ने भेजा क्या?”

“मी विचारून राहिले.”

त्यानं हात पुसले, पुन्हा पुसले. “एक पिन लेथवर जास्त सोलल्या गेली, ताई. दोन मिलिमीटर. ढिली बसली असती. तसलं पोलाद पुन्हा मागवायला महिना लागला असता. मग आपल्याकडे रॉड पडला होता, त्याची केली. मापात एकदम बरोबर आहे.”

“साधा रॉड?”

“लोखंडच आहे ना!”

“आणि मला सहीला कागद दिला चार पिनांचा.”

“देवदत्तभैयांना सांगितलं होतं मी. ते बोलले, बसवून टाक, कुंदाला नको सांगू, उगाच गोंधळ घालेल.” मग त्याचा आवाज चढला. “तू अशी काय बघून राहिली? माझी दुर्वा नाचून राहिली त्याच्यावर. मी काय पोटच्या पोरीला मारीन?”

तो खोटं बोलत नव्हता. आपण बनवलेलं लोखंड पेलेल यावर त्याचा देवावर असावा तसा विश्वास होता. सही केली तो दिवस कुंदाला आठवत होता. ती डबा खात होती, त्यानं कागद पुढे केला, तिनं “कुठे?” एवढंच विचारलं आणि डाव्या हातात पेन धरून कशीबशी सही ठोकली. उतार तिथून वीस पावलांवर उभा होता.

तिथून ती थेट देवदत्तच्या घरी गेली. तो सोफ्यावर पाय पसरून नाटकाचं पोस्टर बघत होता. ती कशाला आली ते त्यानं चेहऱ्यावरूनच ओळखलं.

“बस. भार चार जागी वाटला जातो. तीन पिना पक्क्या आहेत. पहिला प्रयोग होऊन जाऊ दे, मग बदलू.”

“आज बदलायला काढली तर दोन दिवस लागतील, भैया.”

“दोन दिवस!” देवदत्त ताडकन उठला. “त्यांना बहाणाच पाहिजे आहे, कळतं का तुला? पहिला प्रयोग गेन्टला नेतील आणि आपलं नाव पोस्टरच्या तळाशी मुंगीएवढं टाकतील. तीस वर्षं मी या शहरात नाटक करून राहिलो. कोणी कुत्रं विचारलं नाही. आता जग दारात आलं, तर तू दार लावणार?”

“वर माणसं असतात.”

“माणसं माझीपण आहेत.” त्यानं तिच्यासमोर बोट नाचवलं. “हे बघ कुंदा, उद्या तोंड उघडलंस तर या मंडळात तुला जागा नाही. सत्तावीस वर्षं गेली चुलीत.”

कुंदा पायात चपला घालून निघाली. तो जे म्हणाला त्यातलं बरंचसं खरं होतं हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तालीम होती. बावीसजण उतारावर आपापल्या जागी उभे राहिले. अगदी वरच्या कडेला दुर्वा होती, आनंदची एकोणीस वर्षांची मुलगी, केस घट्ट बांधलेली. कुंदा आपल्या टेबलाशी बसली. ती ‘चलो’ म्हणाली की जॅक सुरू व्हायचे. देवदत्त तिच्याकडे टक लावून बघत होता. रूबेन हाताची घडी घालून भिंतीला टेकला होता; सही केलेला कागद असताना नुसत्या संशयावर तालीम थांबवायचा अधिकार त्याला नव्हता.

“सगळे खाली उतरा,” कुंदा म्हणाली.

कोणी हललं नाही.

“नीचे उतरो सब! चौथी पिन साध्या रॉडची आहे. मी न बघता सही केली.” मग तेच तिनं रूबेनकडे वळून इंग्रजीत सांगितलं.

देवदत्तनं हातातली पाण्याची बाटली भिंतीवर भिरकावली. नर्तक भराभर उतरले, नट सावकाश. दुर्वा सगळ्यांत शेवटी उतरली आणि कुंदाच्या टेबलाजवळून जाताना मान फिरवून गेली.

पिन काढायला दुपार झाली. आनंदला बोलावून घेतलं होतं. घण त्यानंच मारले. बाहेर आलेली पिन रूबेननं फरशीवर ठेवली आणि पायानं ढकलली. ती सरळ घरंगळली नाही. हलकासा झोल खात, लंगडत गेली.

“वाकली आहे,” रूबेन म्हणाला. “अकरा तालमींत.”

“घणानं वाकली!” आनंद ओरडला. “मी आत्ता पन्नास घाव घातले, तुम्ही सगळ्यांनी पाहिलं!” मग तो बहिणीकडे वळला. “झालं समाधान? सगळ्यांसमोर भावाचं नाक कापून?”

पिन तालमीत वाकली की घणानं, हे कोणीच कधी सिद्ध करू शकलं नसतं.

दोन दिवसांनी गेन्टहून ईमेल आला. देवदत्त म्हणाला होता तस्संच झालं. पहिला प्रयोग तिकडे, उतार तिकडे नव्यानं बनणार, आणि सोळा नटांपैकी फक्त चौघांना बोलावणं. सोबत रूबेनचा अहवाल आणि त्यात कुंदाचे शब्द जसेच्या तसे.

ती सभागृहात पोहोचली तेव्हा रूबेन हत्यारं पेटीत भरत होता.

“मी बोलले ते पिन बदलावी म्हणून. माझी माणसं कापावी म्हणून नाही.”

“मी लोखंडावर अहवाल लिहिला. त्याचं काय करायचं ते महोत्सव ठरवतो.”

“तुम्हाला माहीत होतं ते काय ठरवतील.”

रूबेननं पेटीचं झाकण लावलं. “हो. माहीत होतं.” मग टेबलावर पडलेल्या जाड वहीकडे त्यानं बोट केलं. “ती मला लागेल.”

ती क्यूची वही होती. कोणत्या क्षणी जॅक किती उचलायचा, कोणी कुठून धावायचं, दिवा कधी बदलायचा, असे एकशे त्रेचाळीस इशारे. दहा महिने कुंदानं पेन्सिलीनं लिहून, खोडून, पुन्हा लिहिले होते, सगळे मराठीत. व्हिडिओवर नाच दिसला असता, पण नाचाच्या मोजणीत उतार नेमका कितव्या आकड्याला हलतो ते या वहीशिवाय कोणालाच सांगता आलं नसतं. एक आकडा चुकला तर बावीस माणसं एकमेकांवर आदळली असती.

कुंदानं वही उचलून पर्समध्ये टाकली.

“सोळाच्या सोळा.”

“हे ब्लॅकमेल आहे.”

“असेल.”

तीन दिवस फोन चालले. दोन्हीकडून वकिलांची नावं निघाली. देवदत्त मध्ये पडला नाही. त्याला तर वहीच जाळायची होती. शेवटी महोत्सव अकरावर आला आणि तिथे अडला. कुंदानं कोणालाही न विचारता हो म्हटलं.

नावांची यादी तिकडूनच आली. त्यात दुर्वा होती. गळलेल्या पाचांत शहपुऱ्याहून रोज बसनं तालमीला येणारा पियूष होता. तो कुंदाच्या घरासमोर उभा राहिला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “भतीजी को भेज दिया, दीदी? बढ़िया सौदा किया.” यादी मी केली नाही, हे ती त्याला तीनदा म्हणाली. तो ऐकायला आलाच नव्हता. जे अकरा जाणार होते त्यांनीही तिला फोन केला नाही. तिनं त्यांच्या जिवावर परस्पर सौदा केला हे त्यांना खटकलं होतं.

आता वही वाचायची कोणी, हा प्रश्न उरला. रूबेननं तिला स्पष्टच सांगितलं, “तुम्ही येऊ शकत नाही. खोट्या कागदावर तुमची सही आहे.” कुंदानं वाद घातला नाही. त्याच्या जागी तिनंही हेच केलं असतं. पण अकराजणांत मराठी घरातली एकटी दुर्वाच होती, आणि तिला मराठी कळायचं, पण आत्याचं खोडून खोडून लिहिलेलं अक्षर लागत नव्हतं.

म्हणून आठ दिवस दुर्वा आत्याकडे येत राहिली. चार वाजता यायची, सहाला जायची. समोर ठेवलेल्या पाण्याला हात लावायची नाही. बोट ठेवून अक्षर अक्षर वाचायची.

“बहात्तर. जॅक... थां... थांबवणे. पियूष डाव्या... कडेस.”

“पियूषच्या जागी आता कोण ते वर लिही.”

ती लिहायची. चुकलं की कुंदा पुन्हा वाचायला लावायची, आवाज न चढवता. आनंदचं नाव दोघींपैकी कोणी काढलं नाही. तो घरी काय बोलत असेल ते दुर्वाच्या कपाळावरच्या आठीवरून दिसतच होतं.

आठव्या दिवशी एकशे त्रेचाळीसावा इशारा वाचून झाला. दुर्वानं वही मिटली, पिशवीत घातली, पण उठली नाही.

“तू सही करायच्या आधी बघितलं काहून नाही?”

“जेवत होते.”

“बस? जेवत होतीस?”

“हो.”

“मग बाबांनाच काहून दोष सगळे देऊन राहिले?”

“त्याची चूक त्याची, माझी माझी. मी माझी सांगितली.”

“सबके सामने.”

“सगळे चढत होते ना त्याच्यावर. मग सगळ्यांसमोरच सांगायला पाहिजे होती.”

दुर्वाला हे पटलं नाही. तिनं चपला घातल्या आणि “चलते,” एवढं म्हणून जिना उतरली.

ते अकराजण पुढच्या मंगळवारी दुपारच्या गाडीनं दिल्लीला निघाले. देवदत्त स्टेशनवर हार घेऊन गेला होता, आनंदही होता, असं कुंदाच्या कानावर आलं. ती त्या वेळी कॉलेजात होती. रजा संपली होती आणि प्रवेशाच्या फॉर्मांची रांग खिडकीपासून फाटकापर्यंत गेली होती. एका मुलाच्या फॉर्मवर प्राचार्यांची सही नव्हती. तो अजिजी करायला लागला. कुंदानं फॉर्म परत त्याच्या हातात दिला आणि पुढच्याला बोलावलं.