तीन दिवस फक्त पेज

मित्रांनो, माझ्या पोटात एका वेळी दोनशे माणसांचा भात शिजत असे. मी इस्फहानच्या शाही मुदपाकखान्यातली तांब्याची देग. आज मला एक कान नाही, बूड गळते, आणि माझे वय सांगणारे कुणी उरलेले नाही.

इराणच्या शहाने आपली राजधानी इस्फहानला आणली, त्या दिवसांत माझा जन्म झाला. तांबटांच्या बाजारात तीन भावांनी मला सव्वा महिना ठोकले. त्या आवाजाने धाकट्या भावाचे कान कायमचे बधिर झाले. राज्य तेव्हा चढतीला लागले होते. सरहद्दीवर लढून आलेले शिपाई घोड्यावरून उतरले की आधी मुदपाकखान्याकडे वळत. दूरदूरच्या बादशहांचे वकील माझ्यातला केशरी पुलाव खात आणि स्वयंपाक्याचे नाव विचारून घेत. दर सहा महिन्यांनी मला कल्हई होई. माझ्यात डोकावून दाढी विंचरणारे आचारीही मी पाहिले आहेत.

मग हळूहळू दिवस पालटले. पुढचे शहा जनानखान्यातच वाढले आणि तिथूनच उठून गादीवर बसले. ताटे सोन्याची झाली, पण माझी कल्हई वर्षावर गेली, मग दोन वर्षांवर. आतून तांबे उघडे पडले. एका ईदेला माझ्यातला आंबट शोरबा पिऊन चौदा पहारेकरी ओकत पडले. तेव्हा कारभाऱ्याने मला लिंबू लावून बाहेरून लख्ख घासून घेतले. आतून तशीच ठेवली. त्याच सुमारास सरहद्दीवरच्या किल्ल्यांतून उपाशी शिपाई परत येऊ लागले होते. त्यांना दारातूनच हुसकावून लावत.

माझे शेवटचे शाही आचारी उस्ताद सफरकुली. साठीचा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. घरी मुलगा इमामवर्दी, सून गुलंदाम आणि पाच वर्षांची नात परीजान. इमामवर्दी फौजेत होता. एका वसंतात अफगाण चालून आले. शहराबाहेरच्या लढाईत शहाची फौज दुपारपर्यंतसुद्धा टिकली नाही असे म्हणत. अफगाणांनी शहराला वेढा घातला आणि रस्ते बंद केले.

पहिल्या महिन्यात गहू संपला. चौथ्या महिन्यात घोडे, खेचरे, उंट संपले. पुढे कुत्री आणि मांजरे दिसेनाशी झाली. चहारबागच्या रस्त्यावरल्या चिनारांच्या साली माणसांनी हात पोचेल तिथपर्यंत सोलून नेल्या. मेलेल्यांना पुरायला कुणाच्या अंगात बळ नव्हते. त्यांना झायंदेरूद नदीत सोडत, आणि नदीलाही त्या वर्षी पाणी कमी होते.

अशा वेळी दरबारातल्या एका ज्योतिष्याने तोडगा काढला. दोन बकऱ्यांच्या तंगड्या आणि मोजून तीनशे एक हरभरे. प्रत्येक हरभऱ्यावर कुमारिकेने मंत्र फुंकायचा. तो शोरबा पिणारे शिपाई शत्रूला दिसणार नाहीत, असे त्याने सांगितले. दरबाराने ते मानले. शहरातल्या शेवटच्या दोन बकऱ्या मुदपाकखान्यात आल्या.

ज्योतिषी माझ्या काठाशी उभा राहून हरभरे मोजत होता. "उस्ताद, एक जरी कमी पडला ना, तर सगळी विद्या फुकट जाईल."

"कमी पडणार नाही. पण मीठ नाहीये घरात."

"मिठाचं ग्रंथात काही लिहिलेलं नाही."

"मग तो लिहिणाऱ्यानं आयुष्यात चूल पेटवलेली नसणार," उस्ताद म्हणाले आणि ढवळू लागले.

साठ शिपाई अंगणात रांगेने बसले. त्यांत इमामवर्दी होता. बापाने त्याच्या वाटीत शोरबा ओतला तेव्हा तो हसला.

"बाबा, अजून दिसतोय का मी?"

"दिसतोस. एकेक हाड मोजता येतंय तुझं. ऐक, ढाल घेऊन जा."

"ढाल घेतली की मंत्र चालत नाही म्हणे. हुकूम आहे."

"कसला मंत्र? तंगड्यांचं पाणी आहे हे. मीच शिजवलंय, मला माहीत नाही?"

"मलाही माहीत आहे." इमामवर्दीने आवाज खाली आणला. "पण या लोकांसमोर बोलू नका. तेवढाच धीर आहे त्यांना." त्याने दोन घोट घेतले आणि उरलेली वाटी बापाच्या हातात दिली. "हे परीजानला द्या."

पहारेकऱ्याने पाहिले आणि मान फिरवली.

दुपारी ते साठ जण ढालीवाचून वेशीबाहेर पडले. संध्याकाळी चार परत आले. त्यांतला एक माझ्या चुलीशी येऊन बसला. त्याच्या खांद्यातून रक्त वाहत होते. "उस्ताद, आम्ही त्यांना चांगले दिसत होतो," तो म्हणाला. "लांबूनच दिसत होतो." इमामवर्दी कुठे पडला ते मात्र त्याला सांगता आले नाही.

उस्तादांनी मला राखेने घासले. घासता घासता ते स्वतःशीच बोलत होते. "सगळं माहीत असून ढवळत उभा राहिलो." एवढे एकच वाक्य त्यांनी कितीदा म्हटले, मी मोजले नाही.

दुसऱ्या दिवशी मुदपाकखाना बंद झाला. शिजवायलाच काही नव्हते. उस्तादांनी चार शेजाऱ्यांना बोलावले आणि मला रस्त्याने गडगडत आपल्या गल्लीत आणले. कुणी अडवले नाही. अडवणारेही भुकेलेलेच होते. गल्लीच्या चौकात त्यांनी मला चुलीवर चढवले. माझ्यात सालींचा काढा उकळला. जोड्यांचे कातडे उकळले. पुस्तकांच्या बांधणीची खळ उकळली. मित्रांनो, केशर आणि बदाम पाहिलेल्या भांड्याला त्या वासाची लाज वाटायला हवी होती. मला वाटली नाही. गल्लीतली अडुसष्ट माणसे त्यावर तग धरून होती.

शरदात शहा स्वतः शहराबाहेर गेला आणि आपला मुकुट अफगाणांच्या म्होरक्याला देऊन आला. दोनशे वर्षांहून जुने राज्य एका दिवसात दुसऱ्याचे झाले. वेशी उघडल्या आणि धान्याच्या गाड्या आत आल्या. आमच्या गल्लीला तांदळाची दोन पोती मिळाली.

उस्तादांनी मला काठोकाठ पाण्याने भरले आणि त्यात चार ओंजळी तांदूळ टाकले. लोक वाट्या घेऊन उभे होते. ओगराळ्यातून पांढरे पाणी पडताना दिसले आणि कुजबुज सुरू झाली.

"तीन दिवस फक्त पेज," उस्ताद म्हणाले. "भात चौथ्या दिवसापासून, तोही मऊ. दुष्काळातून उठलेली माणसं मी लहानपणी पाहिलीत. भरपेट जेवली आणि मेली."

रजब विणकर पुढे आला. त्याचे गाल आत गेले होते, पण आवाज शाबूत होता. "पोती समोर दिसतायत आणि आम्हाला पाणी पाजतोस? भात कुणासाठी ठेवलायस रे? अफगाणांसाठी?"

"तुझ्यासाठीच ठेवलाय, रजब. चौथ्या दिवशी मिळेल."

"चौथ्या दिवशी! दरबारात राहून याला लोकांना उपाशी ठेवायची सवयच लागलीय."

एवढ्यात परीजानला कडेवर घेऊन गुलंदाम आली. "बाबा, निदान हिला तरी एक मूठ द्या. हिच्या बापानं तोंडचा घास ठेवला होता हिच्यासाठी."

"नाही."

"काळीज आहे का तुम्हाला?"

"आहे, गुलंदाम. आतडी वाळलीत पोरीची. आज भात दिला तर उद्या खड्डा खणावा लागेल. तेवढं बळ नाही माझ्यात." त्यांनी परीजानच्या वाटीत पेजच ओतली.

तेव्हा पहिला दगड आला. तो उस्तादांच्या कपाळाला लागला. दुसरा माझ्या काठावर बसला आणि तिथे मला हा पोचा आला. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरले. उस्तादांनी डोळा बाहीने पुसला, पोत्यांसमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पुढचा कोण? वाटी पुढे करा."

काही जण शिव्या देत निघून गेले. रजबही गेला. पलीकडच्या चौकात गरम रोट्या वाटत होते. तिथे त्याने पोटभर खाल्ले आणि दिवस उजाडायच्या आत तो मेला. त्या आठवड्यात शहरात असे पुष्कळ मेले. आमच्या गल्लीत थांबलेल्यांपैकी दोन म्हातारी माणसे गेली, बाकीची जगली. रजबची बायको दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन रांगेत आली. उस्तादांनी तिला आधी वाढले.

चौथ्या दिवशी परीजानने मऊ भात खाल्ला आणि वाटी पुढे केली. "आजोबा, अजून."

"उद्या," उस्ताद म्हणाले आणि चुलीकडे तोंड करून लाकडे सारत राहिले. लाकडे सारायची काही गरज नव्हती.

त्या हिवाळ्यात ते गेले. पुढे अफगाणही गेले. नवे विजेते आले, त्यांनी राजधानी दुसरीकडे नेली. मी रंगाऱ्याकडे नीळ उकळत राहिले. मग कान तुटला, बूड झिजले आणि मला एका सराईच्या अंगणात टाकून दिले. तिथे माझ्यात पावसाचे पाणी साचते आणि चिमण्या ते पितात.

मित्रांनो, राज्ये मोठी होताना मी पाहिली आणि ती उपाशी मरतानाही पाहिली. दोन्ही वेळी माझ्याशी कुणीतरी ओगराळे धरून उभे होते. तुमच्या घरातही असे कुणी असेल. त्याने कधी हात आखडला तर दगड उचलण्याआधी एकदा कारण विचारा. आणि कधी या अंगणात आलात आणि माझी दया आली, तर मला खुशाल घासा, कल्हई लावा, नवे बूड बसवा. फक्त काठावरचा हा पोचा ठोकून सरळ करू नका.