रविवारी जोडला गेलेला एक

माझ्या भाऊजींनी कॉम्प्युटरच्या जाळ्यात सामील व्हायचा तयार प्रोग्राम घेतला नाही; सोर्स कोड उतरवून स्वतः बिल्ड केला. सहा वेळा गाडी अडली, सातव्यांदा नोड, म्हणजे त्या जाळ्यातला त्यांचा कॉम्प्युटर, सुरू झाला. यात कुणी मालक नसतो, कॉम्प्युटर आपणच एकमेकांशी जोडले जातात आणि सगळे एकच नोंदवही जपतात, एवढं त्यांनी समजावलं. पण तीन आठवडे त्या कॉम्प्युटरने जेवणाचं टेबल अडवलेलं. ताईने बजावलं, "रविवारपर्यंत एक तरी जण जोडला गेला तर ठीक, नाहीतर हे डबडं माळ्यावर."

रविवारी जेवायच्या वेळी पडद्यावर जोडलेल्यांचा आकडा शून्याचा एक झाला. "आला!" भाऊजी ओरडले.

"कोण?" ताईने विचारलं.

"ते कळत नाही."

"अहो, नावगाव न विचारता घरात घेतलंत? आणि देणार काय तो आपल्याला?"

भाऊजींनी कपाळ खाजवलं. "आपल्याकडे आहे तीच नोंदवही. सगळ्यांकडे सारखीच असते."

"मग आपापलं जपलं असतं तर काय बिघडत होतं?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

शब्द दिलेला, म्हणून ताईने डबडं राहू दिलं. आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो. भाऊजी घास हातात धरून पडद्यावरच्या त्या एकाकडे बघत होते. जिंकलो की फसलो, ते त्यांना काही उमगेना.