मुक्ताबाईच्या हातची पेज

मुक्ताबाईने पेजेची वाटी ओसरीवर सरकवली आणि ती उंबऱ्याच्या आत जाऊन उभी राहिली. रखमाजी वाटीकडे बघत बसला. सोमाटण्याहून बैलगाडीत बसून आला होता, तरी त्याला धाप लागली होती. अंगावर मांस म्हणून उरले नव्हते.

अकरा वर्षांपूर्वी याच नवऱ्याने तिला सुदुंबऱ्याला, भावाच्या दारात आणून सोडले होते. हिच्या हातचा घास छातीत अडकतो, उलटून पडतो, ही अन्नात काहीतरी घालते, असे त्याने चारचौघांत सांगितले होते. तेव्हापासून भावाच्या घरातही तिची चूल वेगळी. लग्नकार्यात कोणी तिला पिठाला हात लावू देत नसे.

"पुण्याला फोटू काढला," रखमाजी म्हणाला. "पांढरं औषद पाजून. अन्नाची नळी खाली आवळलीया म्हनं. लय जुनं दुखनं हाय. दुसरीच्या हातचंबी ऱ्हात न्हाई पोटात."

"मंग?"

"तुजा दोस न्हवता."

मुक्ताबाईने पदराचे टोक बोटाला गुंडाळले, पुन्हा सोडले.

"मला ठावं हुतं. गावाला सांगा."

"त्यापायीच आलोय. भाऊ रानातनं आला की चार मानसं बोलीव. तुज्या हातचं खाऊन सांगतो."

त्याने वाटी उचलली. मान उंच करून, प्रत्येक घोटावर पाणी पीत तो पेज खाली ढकलू लागला. मुक्ताबाई नकळत उंबऱ्याबाहेर आली. अर्धी वाटी संपली आणि त्याने छातीवर मूठ दाबली. सगळी पेज अंगणात पडली, शितेसुद्धा जशीच्या तशी.

शेजारची शालूबाई पाण्याची घागर घेऊन चालली होती. ती थबकली. तिने रखमाजीकडे पाहिले, वाटीकडे पाहिले, मग मुक्ताबाईकडे.

"काय खाल्लंत, पावनं?"

रखमाजीने उपरण्याने तोंड पुसले. त्याचा श्वास जागेवर आला होता.

"पेज," तो म्हणाला. "हिच्या हातची."

शालूबाईने घागरीवर पदर ओढला आणि ती भराभरा निघून गेली.

मुक्ताबाई त्याच्या पुढच्या शब्दासाठी थांबली. तो खाली वाकून पायताणे शोधत होता.